तंबू पात्रात नको, काठावर वर लावा

शनिवारी देवकुंड धबधबा, रात्री कुंडलिका नदीच्या पात्रात तंबू आणि रविवारी कोलाडला राफ्टिंग, असा बेत तुम्ही आखलाय, तो झकास आहे. फक्त तंबू पात्रात लावू नका, कळकळीने सांगतोय. पावसाळा सरल्यावर या नदीला जोर असतो तो मुळशी धरणाच्या पाण्याचा. ते सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज तयार झाली की पुढे नदीत सोडतात. म्हणून तर राफ्टिंग सकाळी असतं. रात्री घोटाभर वाटणारी धार सकाळी बघता बघता फुगते. काठच्या खडकांवर काळपट ओली रेघ दिसेल, तिच्याही बऱ्याच वर, गावात विचारूनच मुक्काम करा.

देवकुंडला भर पावसात बहुतेक वेळा बंदी असते. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, वाटाड्या गावातलाच घ्या.

लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याचे पट्टे सोबत्याला वर ओढायला सांगा. जॅकेट कानाशी आलं तर ते सैल आहे, पुन्हा आवळा. कयाक (वल्ह्याची छोटी, निमुळती होडी) पहिल्यांदाच चालवणाऱ्यांनी आधी संथ पाण्यात हात बसवावा.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे जाताय तर घाट उजेडातच उतरा, धुक्यात वळणं दिसत नाहीत.