एकाच विषयाचं कॉलेज

एकच पदवी देणारं छोटं खासगी कॉलेज तग धरत नाही, असं म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. न्यूयॉर्कजवळची वेब इन्स्टिट्यूट पाहा. जहाजं बांधून मोठे झालेल्या विल्यम वेब यांनी ती १८८९ मध्ये स्थापली. सुरुवातीला तिथे शिकणारी मुलं आणि म्हातारे जहाजबांधणी कारागीर, दोघांचीही सोय होती. किती सुंदर कल्पना! १९४७ पासून ती ग्लेन कोव्हला आहे. विद्यार्थी जेमतेम शंभर, पदवी एकच: नौकारचना आणि सागरी अभियांत्रिकी. अमेरिकी विद्यार्थ्यांना शिकवणीची फी नाही.

पण खरी ताकद हिवाळ्यातल्या कामात आहे. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत वर्ग बंद, सगळे कामावर. पहिल्या वर्षी गोदीत, दुसऱ्या वर्षी थेट समुद्रावरच्या जहाजात. कागदावर रेखाटलेला पाइप इंजिनरूममध्ये हाताला चटका देतो, तेव्हा तो कायमचा कळतो.