‘रास्ते का काँटा’: सायकलच्या घंटीतून पिन खरंच सुटेल का?

सक्करदरावाली
१९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्शी’ ही गुप्तहेर मालिका लागायची. रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित. त्यातला ‘रास्ते का काँटा’ हा भाग परवा बाबांसोबत पुन्हा पाहिला. (पुढे रहस्य फोडते आहे. ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी इथेच थांबा.)

कलकत्त्यात भररस्त्यात माणसं कोसळतात, छातीत ग्रामोफोनची पिन. एक जण वाचतो, कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळात रुतते. शस्त्र निघतं सायकलची घंटी.

बाबांचं नागपुरात सक्करदऱ्याला चाळीस वर्षं सायकलचं दुकान होतं. तेव्हाही ते याच जागी टीव्हीसमोरून उठले होते, परवाही उठले. “असं होत नाही बाप्पा. घंटीतली स्प्रिंग खटका मागे आणायला असते. तिनं माशी मरत नाही, माणूस काय मरून राहिला?”

माझा हा सर्वांत आवडता भाग. एका बिघडलेल्या घड्याळावरून ब्योमकेश घंटीपर्यंत पोचतो, ते मला अजून थक्क करतं. म्हणून मनापासून विचारते, बाबांचं बरोबर आहे का?

वॉर्ड_नंबर_नऊ
ताई, मी मेडिकलला सर्जरीत नर्स होते. ती पिन जेमतेम दीड सेंटिमीटरची. कातडी, स्नायू, मध्ये बरगड्या. हडकुळ्या माणसातही ती पूर्ण आत शिरून आणखी पुढे जायला हवी. आणि हृदयाला सुईएवढं भोक पडलं तरी माणूस बहुधा जागीच पडत नाही. भोवतीच्या पिशवीत रक्त साचत जातं, मग हृदय दाबलं जातं. त्याला वेळ लागतो.

स्प्रिंगवाला_हिंगणा
बाबांचं म्हणणं दुकानातल्या घंटीपुरतं शंभर टक्के खरं. पण खुनी ती तशीच थोडी लावणार? जोर अंगठ्यानं द्यायचाच नाही. कडक स्प्रिंग घरीच दाबून अडकवायची, रस्त्यात अंगठ्यानं फक्त अडकण सोडायची. उंदराचा चाप असतो तसं. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीतही स्प्रिंगच असते, ती दाबायला दोन्ही हात लागतात ते पाहिलं असेल. पिनेचं वजन पाव ग्रॅमही नाही, त्यामुळे वेग मिळेल. मात्र बारीक नळी पाहिजे, नाहीतर पिन हवेत आडवी होते. एका वेळी एकच नेम. हृदयाचं नर्सताई म्हणतात ते मान्य, पण घड्याळात पिन रुतू शकते असं मला वाटतं.

सक्करदरावाली
दादा, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. माळ्यावरचा डबा उतरवायला लावला, पेपर अंथरून एक जुनी घंटी खोलली आणि अर्धा तास आत पाहत बसले. म्हणाले, स्प्रिंग मावते, नळीही मावते. पण त्यासाठी दातेरी चाकं काढावी लागतात, आणि चाकं काढली की घंटी वाजत नाही, नुसती टक करते.

आता त्यांना तो प्रसंग पुन्हा पाहायचा आहे, आवाज मोठा करून. घंटी वाजते कधी आणि माणूस पडतो कधी, ते ऐकायला.