जंजिरा पाहताना: भरती, होडी आणि पाऊण तास

मुरूडचा जंजिरा नीट पाहिलेल्यांनी पुढच्यांच्या कामी येईल ते नेमकं लिहावं. इतिहास हवाच, पण जागेवर उभं राहून दिसतो तेवढा.

*

आधी तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हे महत्त्वाचं अशासाठी, की ओहोटीला दरवाजाच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पाय तिथेच सटकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी बरं. पावसाळ्यात होड्या बंदच.

*

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात, त्याही भरल्यावरच. शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा. उतरताना सगळे एकदम उठतात, होडी कलते, आणि तोल गेलेला माणूस आधारासाठी पायरीची कड धरतो. तसं कधीच करू नका. होडी आणि दगड यांच्यामध्ये हात चिरडतो. लाटेने होडी वर आली की खलाशाचं मनगट धरून एकच पाऊल टाकायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, मोबाईल खिशात. लहान मूल खलाशाच्या हाती द्यावं, स्वतः कडेवर घेऊन उतरू नये.

*

राजपुरीहून दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा दडवलाय की होडी अगदी तटाखाली येईपर्यंत नुसती भिंतच दिसते. म्हणजे हल्ला करणाऱ्याला दार सापडेपर्यंत तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेला असे. हा क्षण चुकवू नका, बहुतेक जण तेव्हा सेल्फी काढत असतात. दरवाजापाशी शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प आहे. पंज्यांत आणि शेपटीत हत्ती पकडलेले.

होडीवाले बहुधा पाऊण तास देतात. तो तोफांपाशीच संपतो. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम यांना दहा मिनिटं पुरेत. मग थेट गोड्या पाण्याच्या तळ्यावर जा. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दोन गोडी तळी, यामुळेच इथली शिबंदी लांबचा वेढा सोसू शकली. तिथून सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष बघून पश्चिमेच्या दर्या दरवाजाकडे उतरा. राजपुरीचा किनारा शत्रूच्या हाती गेला तरी समुद्राकडे ही वाट उरे. वाटाड्याला आधीच सांगून ठेवा की तळं आणि दर्या दरवाजा पाहायचाच आहे.

*

प्यायचं पाणी किनाऱ्यावरूनच न्या. तटावर चढायच्या जिन्यांना कठडे नाहीत. चपला नकोत, खरखरीत तळव्याचे बूट घाला.

*

तटावरून राजपुरीकडचं अंतर नजरेने मोजा. १६८२ मध्ये संभाजीराजांनी हीच खाडी दगडांनी बुजवून सेतू बांधायला घेतला होता. त्याआधी, १६७६ मध्ये, शिवाजी महाराजांकडच्या लाय पाटलांनी रात्री याच तटाला शिड्या लावल्या. मागची कुमक वेळेत पोचली नाही आणि पहाटेआधी शिड्या काढून परतावं लागलं. सुमारे चाळीस फूट उंचीच्या भिंतीखाली, हलत्या होडीतून शिडी लावणं म्हणजे काय, ते उतरताना कळतंच.

वायव्येला दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक ठेवायला बांधलेला. मुरूडहून होडी मिळाली तर तोही बघाच. तिथे खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि सांध्यांतला चुना मात्र जाळीसारखा बाहेर उभा आहे. बोट फिरवून पाहा, पण चुना खरवडू नका.