खुर्चीचं तिकीट काढून दोन तास उभारावं लागलं, चूक नेमकी कुणाची?

टिळकवाडीचा_लेफ्टबॅक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सवड असेल तरच वाचा. गेल्या महिन्यात पप्पांना घेऊन बाहेरगावी मोठ्या फुटबॉल लीगची मॅच बघायला गेलो होतो. स्टेडियमचं आणि टीमचं नाव मुद्दाम टाकत नाही, परत जायचंय तिथं. पप्पा ६६ वर्षांचे, तरुणपणी आमच्या बेळगावात लेले ग्राउंडवर स्टॉपर (बचावाला) खेळायचे, आता दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. गोलपोस्टच्या मागची तिकिटं स्वस्त दिसली म्हणून ऑनलाइन काढली, रांग नंबर, खुर्ची नंबर सगळं व्यवस्थित छापलेलं. मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पुढच्या चार रांगा उठल्या त्या उठल्याच. ढोल, झेंडे, आणि एक पोरगं मैदानाकडं पाठ करून मेगाफोनवर ओरडतंय. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पण पप्पांना सगळी मॅच समोरच्याच्या पाठीवरचा दहा नंबरच दिसला.

मग स्टीवर्ड (गर्दी सांभाळणारा) आला, पिवळं जॅकेट, असेल वीस-बावीस वर्षांचा. बसा म्हणाला, मागच्यांना दिसत नाही म्हणाला. दोनदा बसले, तो वळला की परत उठले. तिसऱ्या वेळी कुणीतरी त्याला ढकललं, टोपी उडाली, मग आणखी चार जॅकेटवाले आले, मग पोलीस, आणि हाफटाइमपर्यंत आमच्या ब्लॉकमध्ये मॅच कुणीच बघितली नाही, सगळे भांडणच बघत होते. त्यात एक गोल झाला तोही हुकला. आणि बाहेर काढलं कुणाला, तर एक जण आपल्या पोराला पाण्याची बाटली द्यायला उठला होता त्याला. मेगाफोनवाला जागच्या जागी.

तर खुर्चीचे पैसे घेतल्यावर बसून बघायला मिळायला नको का? उभारणाऱ्यांचंही मला पटतं, हात बांधून बसून कोण फुटबॉल बघतं. इंग्लंडमध्येही यावरनं स्टीवर्डांशी कायम वाजतं म्हणे, तिकडं काय तोडगा काढला? आणि पप्पांना परत नेऊ की नको?

निपाणीकर_७

भावा चूक तुझीच. गोलमागचं तिकीट काढायचं आणि बसायला मिळंना म्हणायचं म्हणजे जत्रेत जाऊन गर्दी लई झाली म्हणल्यासारखं झालं. आमाला निपाणीतनं कोल्हापूर ४० किलोमीटर, पाटाकडील आणि शिवाजी ह्या तिथल्या टीमांची मॅच असली की दुकान बंद करून शाहू स्टेडियम गाठायचं. तिथं कुठली आली नंबराची खुर्ची, पायरीवर पेपर घालायचा आणि बसायचं, बॉल डीच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) जवळ आला की सगळं स्टेडियम उठतंय, बॉल गेला की बसतंय. एखादा उभारूनच राहिला की मागनं शंभर जण ओरडतात, बसतंय गप. स्टीवर्ड कशाला पाहिजे मर्दा. अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला तो ह्याच कोल्हापूरचा, खुर्च्या नव्हत्या म्हणून कुणाचं अडलं काय.

(पुण्याच्या मंडळींनी "उभारून" वाचून हसू नये, आमच्याकडं माणसं पण उभारतात आणि गुढी पण.)

शहापूरकर_काका

निपाणीकर, पायरीवर जमतं कारण पायरीवर सगळेच उठतात-बसतात. इथं निम्मे कायम उभे आणि निम्मे कायम बसलेले, आणि ते एकामागे एक. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्यांना या कधी. अगदी पुढं पोरं मातीत मांडी घालून, त्यांच्या मागं वडीलधारी मंडळी खुर्चीवर, आणि सगळ्यात मागं उभारणारे, कडेला झाडावर-भिंतीवर चढलेले वेगळेच. हे कुणी बोर्डावर लिहिलेलं नसतं पण पुढं येऊन कुणी उभारला की त्याची धडगत नसते, पैलवान असला तरी. स्टेडियमवाल्यांनी मात्र उभारणाऱ्यांनाच सगळ्यात पुढं तिकीट विकलं आणि गुडघे गेलेल्या माणसाला त्यांच्या मागं. आता त्या पोरासोर स्टीवर्डनं काय करायचं?

आणि लोक नुसतं उभारण्यावर खापर फोडतात ते मला पटत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचला १६ जण जिवानिशी गेले, दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये, मारामारी आणि मग पळापळ. आम्ही तेव्हा कॉलेजात, पेपरात फोटो बघून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ४ जून २०२५ ला बंगळुरात चिन्नास्वामी स्टेडियमला ११ जण गेले, ते तर गेटच्या बाहेर. स्टँडमध्ये कोण बसलं कोण उभारलं याचा तिथं काय संबंध?

मँचेस्टरातला_खानापुरी

तिकडं काय झालं ते विचारलंयस म्हणून लिहितो, मी सहा वर्षं इकडं आहे, मूळ खानापूर. काकांचा गेटचा मुद्दा इकडंही तसाच आहे. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो स्टेडियम, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कप सेमीफायनल. उभारून बघायचा स्टँड, त्याचे जाळी लावून पिंजरे केलेले. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं आणि सगळा लोंढा बोगद्यातनं मधल्या पिंजऱ्यांत, जे आधीच भरलेले होते. पुढं जाळी, मागनं रेटा. ९७ माणसं गेली, त्यातला शेवटचा २०२१ मध्ये, ३२ वर्षं ती दुखापत घेऊन जगला. सुरुवातीला सगळा दोष फॅन्सवर ढकलला होता, २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की फॅन्सचा दोष नव्हता.

त्यानंतर चौकशी करणाऱ्या जस्टिस टेलरचा रिपोर्ट आला, जानेवारी १९९०. वरच्या दोन डिव्हिजनच्या स्टेडियममध्ये सगळीकडं खुर्च्या, १९९४ च्या सीझनपर्यंत. गंमत म्हणजे त्याच रिपोर्टात टेलरनं लिहिलंय की उभारून बघणं हे मुळातच धोक्याचं आहे असं नाही. ते वाक्य पुढं सोयीनं विसरले.

आणि खुर्ची ठोकली म्हणून माणूस बसतो थोडाच. गोलमागं आणि पाहुण्या टीमच्या कोपऱ्यात लोक गेली तीस वर्षं खुर्चीसमोर उभारूनच बघतात. इकडं तो काही फौजदारी गुन्हा नाही, मैदानाच्या नियमांचा भंग आहे, क्लब बाहेर काढू शकतो, सीझन तिकीट रद्द करू शकतो. म्हणजे कौन्सिल (इकडची नगरपालिका) सेफ्टी सर्टिफिकेटवरनं क्लबला दम देणार, क्लब स्टीवर्डला, आणि स्टीवर्ड समोरच्या हजारभर माणसांना. तुझ्या पिवळ्या जॅकेटवाल्याचंच चित्र आहे, फक्त इंग्रजीत.

शेवटी सरकारनं रेल सीट मान्य केल्या. प्रत्येक रांगेला कमरेएवढं लोखंडी रेलिंग, त्यातच घडीची खुर्ची, उभारायचं तर रेलिंगला धरून उभारा. स्कॉटलंडात सेल्टिकनं २०१६ लाच बसवल्या होत्या. इकडं जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांना ट्रायल दिली, चेल्सी, दोन्ही मँचेस्टर, टॉटनहॅम आणि कार्डिफ, पहिली मॅच २ जानेवारीला चेल्सी-लिव्हरपूल, २-२ सुटली. २०२२-२३ च्या सीझनपासून अटी पाळणाऱ्या बाकी क्लबांनाही परवानगी. एका खुर्चीला एकच माणूस, त्यामुळं गर्दी वाढत नाही. जर्मनीत उलट आहे, डॉर्टमुंडचा दक्षिण स्टँड एकटा सुमारे २५ हजार उभारणाऱ्यांचा, स्टेडियमची क्षमता ८१ हजारांवर, आणि सगळीकडं खुर्च्या लावल्या की तीच ६६ हजारांच्या आसपास येते.

रेलिंग कशाला एवढं महत्त्वाचं ते सांगतो. साध्या प्लास्टिक खुर्चीची पाठ तुझ्या गुडघ्याच्या जरा वर येते. गोल झाला, मागनं एक धक्का आला की तू गुडघ्यातनं वाकून पुढच्या रांगेवर, तो त्याच्या पुढच्यावर, पत्त्यांसारखं. नडग्या फुटलेले मी स्वतः बघितलेत. त्यामुळं खुर्च्यांच्या रांगेत उभारणं हे जुन्या पायऱ्यांपेक्षाही वाईट वाटतं मला, आणि आपल्याकडं सगळीकडं नेमकं तेच चालतं.

निपाणीकर_७

हे रेलिंगचं ठाऊक नव्हतं. आमच्यात पडला तर पायरीवर पडतोय, दात जातात पण पुढचे दहा जण जात न्हाईत.

जॅकेटवाला

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. कॉलेजात असताना दोन सीझन मी हे पिवळं जॅकेट घातलंय, कॉन्ट्रॅक्टरकडनं, कुठं ते नको. मॅच संध्याकाळी साडेसातला आणि आम्हाला सकाळी अकराला बोलवायचे, ट्रेनिंग म्हणजे अर्ध्या तासाचं भाषण, एक वडापाव, आणि जॅकेट संध्याकाळी मोजून परत. आमची पाठ मैदानाकडं आणि तोंड लोकांकडं. दोन सीझनमध्ये एक गोल बघितला नाही, गोल झालेला लोकांच्या तोंडावरनं कळायचा.

बसवायचा हुकूम वॉकीटॉकीवर यायचा, बसवणार कसा हे कुणी सांगायचं नाही. हातात काठी नाही, तिकीट जप्त करायचा अधिकार नाही. मी "कुंदर्री" (कन्नडात "बसा") म्हटलं की म्हणायचे हिंदीत बोल, हिंदीत सांगितलं की कन्नडात बोल, आणि मराठीत मनातल्या मनात जे बोलायचो ते इथं लिहिता येत नाही. हळूहळू एक कळलं की रांगेला सांगून काही होत नाही, रांग ऐकते ती ढोलवाल्याचं. मॅचच्या आधी त्याला गाठायचं, चहा पाजायचा, दादा म्हणायचं, आणि सांगायचं की तू आणि तुझी पोरं पार मागच्या रांगांत जा, तिथनं आवाज पण जास्त घुमतो. ज्या दिवशी तो मानला त्या दिवशी एकही भांडण नाही.

आणि लेफ्टबॅकभाऊ, तुमच्या पप्पांसारखे लोक रोज भेटायचे आम्हाला. वरच्या टियरला (मजल्यावर) दोनशे-दोनशे खुर्च्या रिकाम्या दिसायच्या, डोळ्यासमोर, पण तिथं माणूस हलवायचा तर सुपरवायझरला विचारा, तो ऑफिसला विचारणार, ऑफिस म्हणणार तिकीट वेगळ्या रेटचं आहे. तेवढा एक अधिकार आम्हाला दिला असता तर निम्मी भांडणं तिथंच मिटली असती. मग जे समोर दिसेल त्यालाच बाहेर काढायचं, काहीतरी केलं हे दाखवायला. पाण्याची बाटली देणारा गेला ह्याचं मला तरी नवल वाटलं नाही. वाईट वाटलं.

अनगोळची_ताई

निपाणीकर दादा, चूक तुझीच म्हणायला सोपं आहे, पण तिकीट काढताना त्या पानावर कुठं लिहिलेलं असतं का की इथं लोक उभारतात? पहिल्यांदा जाणाऱ्याला कसं कळणार? रंगीत नकाशा असतो आणि रेट असतो, बास.

माझी उंची पाच फूट, तरी मी गोलमागंच जाते आणि उभारूनच बघते. तिथं ओरडता येतं. बसायच्या स्टँडमध्ये बसलं की शेजारचा काका मला ऑफसाइड समजावून सांगायला लागतो (शहापूरकर काका, तुम्ही नाही). पण दोन गोष्टी आपल्या लोकांनी पाळायला पाहिजेत. मधल्या जिन्यात उभारायचं नाही, धावपळ झाली तर जायची तीच एक वाट असते. आणि व्हीलचेअरची जागा जिथं असते तिच्या पुढच्या रांगा तरी सोडा. एकदा एक मुलगा पूर्ण मॅच मोबाइलवर बघत होता, स्टेडियममध्ये बसून. मी पुढच्यांना सांगितलं तर म्हणाले स्क्रीनवर दिसतंय की त्याला.

पप्पांना न्या हो. फक्त साइडचा स्टँड, वरचा टियर, आणि शक्यतो पहिली रांग, जिथं समोर नुसता कठडा असतो. थोडे जास्त जातील.

शहापूरकर_काका

ऑफसाइड मलाच अजून नीट कळलेलं नाही ताई.

टिळकवाडीचा_लेफ्टबॅक

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवण झाल्यावर पप्पांना सगळे रिप्लाय वाचून दाखवले. हिल्सबरोचं ऐकून बराच वेळ गप्प होते. कुस्तीच्या मैदानाचं पटलं, म्हणाले लेले ग्राउंडवर पण आमच्या वेळी असंच होतं, म्हातारी माणसं टचलाइनला आणि पोरं मागं भिंतीवर. वरच्या टियरची तिकिटं बघालोय, नेणार नक्की.

जॅकेटवाल्या भावाचं वाचलं तेव्हा ते उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतनं एक टोपी घेऊन आले. त्या स्टीवर्डची. ढकलाढकलीत खुर्चीखाली आली होती, त्यांनी उचलून ठेवली, नंतर तो पोरगा दिसलाच नाही. महिनाभर कपाटात होती आणि मला पत्ता नाही.

जॅकेटवाला

जाताना आठवणीनं घेऊन जा भाऊ. टोपी परत दिली नाही तर पैसे कापतात.