मिकोनोसचा प्सारू किनारा तिघांच्या खर्चात कसा बसवायचा?

कृष्णाकाठ_सांगली
नवरा, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी असे तिघं सांगलीहून ग्रीसला निघतोय. दहा दिवसांतला एक दिवस मिकोनोस बेटावरच्या प्सारू किनाऱ्यावर घालवायचा आहे. पण तिथे पुढच्या रांगेतल्या दोन खाटा आणि छत्रीलाच शेकडो युरो मागतात असं दिसतंय. खाट न घेता बसता येतं का? मुक्काम कुठे करावा? तिघंही शाकाहारी आहोत. शाळेमुळे मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा किंवा दिवाळीची सुट्टी, एवढेच पर्याय आहेत.

अजिंक्यतारा_११
बसता येतं, आणि तो तुमचा हक्क आहे. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा असतो. किनाऱ्यावर खाटा आणि खाणं-पिणं पुरवणाऱ्या क्लबवाल्यांना फक्त खाटा-छत्र्या मांडायला ठरावीक पट्टा भाड्याने मिळतो. २०२४ च्या कायद्याने तो पट्टा किनाऱ्याच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि पाण्यापासून चार मीटर जागा मोकळी राहावी असं घालून दिलंय. 'मायकोस्ट' नावाचं सरकारी ॲप आहे. कोणाला कुठला तुकडा दिलाय ते त्यात नकाशावर दिसतं आणि तक्रारही तिथूनच करता येते. कोणी उठवायला आलं तर वाद घालू नका, नकाशा दाखवा.

प्सारू मात्र लहानसा आहे. निम्मी जागा मोकळी म्हणजे प्रत्यक्षात कडेच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या. म्हणून सकाळी दहाच्या आत पोचा. झाडाची सावली धरून चालू नका. सुती चादर, टोपी, पाणी आणि हलकी छत्री सोबत घ्या. छत्रीचा दांडा वाळूत हातभर खोल गेला पाहिजे, नाहीतर वाऱ्याने उडून शेजारच्याला लागते.

खाट घ्यायचीच असेल तर प्सारूवर नको, शेजारच्या प्लातीस यालोसवर विचारा. बसण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: खाटेचं भाडं किती, आणि खाण्यापिण्यावर किमान किती खर्च करावा लागेल. बरेच जण पहिलं विचारतात आणि दुसऱ्यात अडकतात.

मिरज_जंक्शन
मुक्कामाचं सांगतो, कारण खरा पैसा रात्रीच्या खोलीत जातो. मे महिन्यात महाबळेश्वरात खोली परवडत नाही म्हणून लोक वाईला उतरतात आणि वर जाऊन येतात. इथे तोच हिशोब लावा. तिनोस हे शेजारचं बेट, फेरीबोटीने साधारण अर्ध्या तासावर. तिथे उतरा, सकाळच्या बोटीने मिकोनोस, संध्याकाळी परत. तिकीट काढताना आधी परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते बघा, मग जाण्याची ठरवा. उलट केलं की किनाऱ्यावर जेमतेम तीन तास मिळतात.

अथेन्सहून निघायला सगळे पिरेअस बंदर धरतात, पण विमानतळाला जवळचं बंदर राफिना. विमानतळावरून थेट बस आहे. तिनोस आणि मिकोनोसच्या बोटी तिथूनही सुटतात. हायस्पीड बोट महाग आणि वाऱ्यात पहिली तीच रद्द होते. मोठी संथ फेरी स्वस्त, डेकवर बसायचं तिकीट पुरे.

मिकोनोसला बोट नव्या बंदरात, म्हणजे तुर्लोसला लागते. गाव तिथून दोन-अडीच किलोमीटर. टॅक्सीच्या मागे लागू नका, बेटावर टॅक्सी फार थोड्या आहेत. बंदरातूनच छोटी सी-बस, म्हणजे होडीच, जुन्या बंदरात सोडते. तिथून गल्ल्यांतून पंधरा मिनिटं चालत फाब्रिका नावाचा बसथांबा. जुन्या बंदरापाशीही बसथांबा आहे, पण त्या बस एलिया, आनो मेरा अशा दुसऱ्या बाजूला जातात. इथेच लोक चुकतात. फाब्रिकावरून प्लातीस यालोसची बस धरायची, तिकीट दोन-अडीच युरो. प्सारूच्या फाट्यावर उतरून तीव्र उतार पायी उतरता येतो. पण मुलगी सोबत आहे तर शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि किनाऱ्याकडेच्या पायवाटेने पाच-दहा मिनिटांत प्सारूवर या. परतताना चढ वाचतो.

खोलीच्या भाड्यावर एप्रिल ते ऑक्टोबर वेगळा सरकारी आकारही लागतो. २०२५ पासून एक-दोन तारांकित हॉटेलात खोलीमागे रात्री २ युरो, तीन तारांकितला ५, चारला १०, पाचला १५. तो बहुधा बुकिंगच्या रकमेत नसतो, हॉटेलवर भरावा लागतो.

हळदबाजार
दिवाळी नकोच. ऑक्टोबरअखेर बस-बोटी विरळ होतात आणि बरीच दुकानं मिटलेली असतात. मेअखेर घ्या. पाणी तेव्हा जरा गार असतं, एवढंच.

शाकाहारी जेवणासाठी एक शब्द पाठ करा: निस्तीसिमो. म्हणजे त्यांच्या उपासाचं, त्यात मांस, अंडी, दूध-चीज नसतं. पण शिंपले-कोळंबी त्यांच्या उपासाला चालते, म्हणून तेवढं वेगळं विचारा. स्पानाकोपिता, म्हणजे पालक भरलेला पॅटिससारखा भाजलेला पदार्थ, बेकरीत मिळतो. भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची म्हणजे येमिस्ता, पण त्यात कधी खिमा असतो. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी म्हणजे यिगांतेस. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे फावा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. मुलीला हे नक्की आवडेल. किनाऱ्यावर जेवू नका, सकाळी गावातल्या बेकरीतून बांधून घ्या.

बसून खाल्लंच तर दर लिहिलेला मेनू आल्याशिवाय काही मागवू नका. न मागता आलेल्या ब्रेडचेही पैसे बऱ्याचदा बिलात लावतात. ग्रीसच्या मेनूकार्डांवर छापलेलंच असतं की छापील पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही. तेव्हा पावती मागायला संकोच करू नका.

कृष्णाकाठ_सांगली
मनापासून आभार. दोन शंका राहिल्या: व्हिसाला मुलीचा खर्च किती, आणि स्कूटर भाड्याने घेणं बरं का?

मिरज_जंक्शन
शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. मुलगी बारा पूर्ण व्हायच्या आत अर्ज करा, बोटांचे ठसेही द्यावे लागत नाहीत. तुम्हा दोघांना ठशांसाठी व्हिसा केंद्रावर जावं लागेल, मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीत पोचता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, शेवटची मुदत पंधरा दिवस, पण तिथवर थांबूच नका. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

स्कूटरवर तिघं बसू शकत नाही, तेव्हा तो विषय सोडा. गाडी चालवायची असेल तर सांगलीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. फी हजार रुपये, मुदत वर्षभर.

अजिंक्यतारा_११
वाऱ्याचं राहिलं. मेल्तेमी हा उत्तरेचा वारा, जोर जुलै-ऑगस्टमध्ये. चाळकेवाडीच्या पठारावर आषाढात उभं राहता येत नाही, तशी गत होते. प्सारू दक्षिणेला तोंड करून असल्याने बराच आडोसा मिळतो. फुकट म्हणून सुचवला जाणारा आयोस सोस्तिस उत्तरेला आहे, वाऱ्याच्या दिवशी तिथे वाळू डोळ्यांत जाते. मेअखेर हा त्रास कमी, तरी बेटावरून अथेन्सला परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच या. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे नाही.