'३००' चा दुसरा भाग : नुसता रक्ताचा शिमगा, की आर्टेमिसियाचा पिक्चर?

रंकाळ्यावरचा वारा (धागाकर्ता)
रविवारी '३०० : राइज ऑफ ॲन एम्पायर' परत बघितला. २०१४ ला थ्रीडी चष्मा लावून बघितला होता तेव्हा डोकं धरून बाहेर पडलो होतो. यावेळी मत बदललं. पहिला भाग आपल्याकडं चालला, कारण ती गोष्ट आपल्याला आधीच पाठ आहे. अरुंद खिंड, मूठभर माणसं, समोर शत्रूचा दर्या. पन्हाळ्याच्या एवढ्या जवळ राहणाऱ्याला थर्मोपिलीची ती खिंडीतली लढाई समजावून सांगावी लागत नाही. पण दुसऱ्यात इव्हा ग्रीनची आर्टेमिसिया आहे, इराणी आरमाराची सेनापती, आणि तिच्यापुढं अख्खं ग्रीक आरमार फिकं पडतं. माझ्या मते दुसरा भाग वरचढ. बोला.

तालमीतला
भावा, काय बोलतोस! पहिल्याची सर येईल का त्याला? पहिल्यातला स्पार्टाचा राजा लिओनायडस नुसता उभा राहिला तरी वाटायचं, हा मरंल पण हटणार नाही. ह्यातला अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस भाषण देतोय की झोपेतनं उठून आलाय तेच कळत नाही. आणि ती शरीरं! आमच्या तालमीत वस्ताद असल्या पोराला हौद्यात उतरवायच्या आधी चार महिने खुराक लावतील. पैलवानाची ताकद मानेत, खांद्यात आणि मांडीत असते, पोटावरच्या सहा वड्यांत नाही.

कावळानाका
तालमीतले दादा, वड्यांचं पटलं. पण आर्टेमिसियाबद्दल एक शब्द नाही? मी रोज ताराराणींच्या पुतळ्याखालून कामाला जाते. घोड्यावरची बाई बघायची सवय आहे आम्हाला. म्हणून तिचा राग येत नाही, तिच्यावर केलेल्या लिखाणाचा येतो. पिक्चरमध्ये ती सूडानं पेटलेली, लहानपणी अत्याचार सोसलेली, कापलेल्या मुंडक्याचं चुंबन घेणारी. खरी आर्टेमिसिया हॅलिकार्नाससची राणी होती. नवरा गेल्यावर राज्य सांभाळत होती, स्वतःची पाच जहाजं घेऊन इराणचा सम्राट झर्क्सीसच्या बाजूनं आली. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस त्याच गावचा, त्यानं लिहून ठेवलंय की सलामीस बेटापाशी समुद्रात लढू नका असं झर्क्सीसला सांगणारी ती एकटीच. म्हणजे सगळ्यात शहाणा सल्ला तिचा. पिक्चरमध्ये तीच लढाईसाठी उतावीळ! बाईला शहाणी दाखवायला काय पैसे पडत होते?

रंकाळ्यावरचा वारा
ताई, हे माहीत नव्हतं. पण शहाणी राणी सल्ला देऊन गप्प बसली असती तर पिक्चर कुठं झाला असता?

कावळानाका
गप्प कुठं बसली? लढाईत अथेन्सचं जहाज पाठीशी लागलं तेव्हा तिनं मध्ये आलेलं आपल्याच बाजूचं कॅलिंडाच्या राजाचं जहाज धडकून बुडवलं. पाठलाग करणाऱ्याला वाटलं ही आपलीच, त्यानं नाद सोडला. वरून बघणाऱ्या झर्क्सीसला वाटलं तिनं शत्रूचं बुडवलं, आणि तो म्हणाला म्हणे, माझे पुरुष बायका झालेत आणि बायका पुरुष. हा प्रसंग आयता पडला होता. तो टाकून तिला तलवारीनं मारलं. प्रत्यक्षात ती जगली.

जुनाबाजार
इतिहास शोधायचा असेल तर पुस्तक वाचा. हा फ्रँक मिलरच्या चित्रकथेच्या जगातला पिक्चर आहे. मॅरेथॉनच्या लढाईत झर्क्सीसचा बाप दारियस, त्याला बाण लागतो, आणि दारियस तिथं नव्हताच, तो इसवीसनपूर्व ४८६ मध्ये गेला. म्हणून काय झालं? पडद्यावर निळा-काळा समुद्र, हवेत थांबलेला रक्ताचा थेंब, तेवढं बघायला गेलो होतो. मिळालं.

चिखलीकर
माझी अडचण वेगळी आहे. २०१९ च्या महापुरात आंबेवाडीकडनं माणसं काढायला मी बोटीवर होतो. एक जण घाबरून उभा राहिला की बोट एका अंगाला कलायची, आणि मागचे सगळे ओरडायचे, बस खाली, बस! आज्जीला उचलून घेताना मी स्वतः गुडघ्यावर होतो. ह्यांच्यात मात्र भर लढाईत जहाजावर उड्या, गिरक्या, आणि शेवटी घोडा! जळत्या जहाजांवरनं घोडा पळतोय. तिथंच माझा पिक्चर संपला.
आणि वल्ही मारणारे कुठायत? एका ट्रायरिमवर, म्हणजे त्या वेळच्या लढाऊ जहाजावर, १७० जण वल्ह्याला. सलामीस त्यांनी जिंकलं, उघड्या छातीच्या चाळीस जणांनी नाही. थेमिस्टोक्लीसनं लॉरियनच्या चांदीच्या खाणीचा पैसा वाटू न देता जहाजं बांधायला लावली. अथेन्सची गरीब माणसं त्या बाकांवर बसली म्हणून शहर वाचलं. त्यांचा घाम दाखवला असता तर मी स्वतः तिकीट काढून चौघांना नेलं असतं.

तालमीतला
चिखलीकर, जाळ अन् धूर संगटच काढला की! हेच म्हणायचं होतं मला, जमलं नव्हतं.

रंकाळ्यावरचा वारा
थांबा, सगळे एका बाजूला झाला. सलामीस म्हणजे पाण्यातली खिंडच की. मोठ्या आरमाराला चिंचोळ्या सामुद्रधुनीत ओढायचं आणि गर्दीतच अडकवायचं. थेमिस्टोक्लीसनं आपल्या सिकिनस नावाच्या गुलामाला झर्क्सीसकडं खोटा निरोप घेऊन पाठवलं की ग्रीक पळून चाललेत, लवकर या. गनिमी कावा म्हणजे दुसरं काय? पिक्चरमध्येही जहाजं कपारीत घुसवून खडकावर आपटवलेली आहेत. ती मजा तुम्हाला दिसली नाही?

कावळानाका
दिसली. पण ती मधल्या लढाईत. शेवटच्या, खऱ्या सलामीसला तोंडावर तोंड धडक आणि ऐनवेळी स्पार्टाची जहाजं मदतीला! हिरोडोटसच्या हिशोबात स्पार्टाची जहाजं १६, अथेन्सची १८०. युरिबायडीस हा स्पार्टाचा माणूस सरसेनापती होता, तो मान त्यांना मिळाला होता, पण शेवटी येऊन वाचवलं असं काही नाही. पहिल्या भागाचे चाहते खूश करायला केलेली जुळवाजुळव.

जुनाबाजार
ताई, तुमच्यासोबत पिक्चर बघायला नको, मध्यंतरापर्यंत तुम्ही परीक्षा घ्याल.

कावळानाका
पॉपकॉर्न तुमचे असतील तर घेणार नाही.

रंकाळ्यावरचा वारा
बरं, शहाण्या राणीचं मान्य. वल्ह्यांचंही मान्य. पण इव्हा ग्रीन पडद्यावर आली की बाकी कुणाकडं बघावंसं वाटत नाही, हे मी मागं घेत नाही. आणि घोडा मला आवडला.

चिखलीकर
घोडा आवडला तर आवडला. जहाजावर चढवला कसा, तेवढं सांग. आम्हाला म्हैस बोटीत घ्यायला सहा जण लागले होते.