मदत हवी आहे: दारातील नवा स्पीकर काचेला घासतो

गाडीच्या पुढच्या दारांतील स्पीकरचे कागदी कोन कडेने फाटल्यामुळे तिथे साडेसहा इंची, ४ ओहमचे, एकाच चौकटीत जाड व बारीक आवाजाचे दोन्ही भाग असलेले कोअ‍ॅक्सिअल स्पीकर मी स्वतः बसवत आहे. वायरींची धन-ऋण टोके दीड व्होल्टच्या सेलने तपासली असून आवाज स्वच्छ येतो. मात्र चुंबक खोल असल्याने काच पूर्ण खाली घेतली की ती त्याला घासते. स्पीकरखाली १२ मिलिमीटर जाडीची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्शाची) रिंग लावली, तर काच घासत नाही, पण दाराचे पॅनल बसत नाही, शिवाय पावसाचे पाणी दारात उतरते तेव्हा एमडीएफ फुगणारच. पत्रा कापायचा नाही आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायरही नको. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याची थरथर कमी करणारी डांबरी डॅम्पिंग शीट मऊ होऊन सुटेल, म्हणून ब्यूटिल रबराचीच घेणार आहे. अशा स्थितीत ६ मिलिमीटरची प्लास्टिक रिंग पुरेल, की कमी खोलीचे स्पीकरच घ्यावे लागतील, आणि तसे घेतल्यास मूळ स्टिरिओवर बेस कितपत कमी होईल?